मॉनाहनची टेकाडं आणि बायकांच्या हातचा पैसा

क्रोशा विणणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याचजणींना ‘आयरिश रोझ’ हे फूल माहीत आहे. मधे गोल, त्याच्याभोवती एकावर एक पाकळ्यांचे थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा. तोरणाला लावतो, रुमालाच्या कोपऱ्याला लावतो, हल्ली केसांच्या क्लिपवरही लावतो. पण त्यातलं ‘आयरिश’ कुठलं, हे आपण कधी विचारत नाही. आज मी तुम्हाला आयर्लंडमधल्या एका लहानशा जिल्ह्याची हकिगत सांगणार आहे. जिल्ह्याचं नाव मॉनाहन. तिथल्या बायकांनी दुष्काळात अशीच फुलं विणून घरचा खंड भरला आणि चूल पेटती ठेवली. राजे, लढाया आणि तह सगळं या जिल्ह्यात झालं. तेही सांगीन, पण थोडक्यात. माझा जीव अडकला आहे तो तिथल्या बायकांच्या हातात पैसा कसा आला आणि कसा गेला, यात.

आधी जागा समजून घेऊ. आयर्लंड हे इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्रातलं बेट. त्यात ३२ जिल्हे, म्हणजे काउंट्या. मॉनाहन उत्तरेकडे, अल्स्टर नावाच्या प्रांतात आहे. क्षेत्रफळ साधारण १,२९५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडचा एखादा मोठा तालुका धरा. बेटावर असूनही या जिल्ह्याला समुद्र लागत नाही. पूर्वेचा किनारा जवळच आहे, पण मधे दुसरा जिल्हा आहे.

इथली जमीन पाहिली की डोळ्यांसमोर अंड्यांनी भरलेली टोपली येते, असं भूगोलाच्या पुस्तकात लिहितात, आणि ते खरंच आहे. हजारो वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख बर्फाच्या जाड थराखाली होता. तो बर्फ सरकताना त्याच्या पोटाखालची माती आणि गोटे लाटले गेले, आणि बर्फ वितळल्यावर मागे लांबट गोल टेकाडं राहिली. एक नाही, दोन नाही, शेकडो. या टेकाडांना जगभरच्या भूगोलात ‘ड्रमलिन’ म्हणतात. तो शब्द आयरिश भाषेतल्या ‘ड्रुइम’ या शब्दावरून आला. त्याचा अर्थ पाठ. गाय बसल्यावर तिची पाठ दिसते ना, तसं टेकाड. मॉनाहनमधल्या कितीतरी गावांची नावं याच शब्दापासून सुरू होतात.

दोन टेकाडांच्या मधे पाणी साचतं. त्यामुळे जिथे पाहावं तिथे तळं, नाहीतर दलदल. कॅसलब्लेनी गावाजवळचं मक्नो तळं त्यातलं सगळ्यात मोठं. माती चिकण, जड, पाणी धरून ठेवणारी. पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतच असतो. गवत उत्तम येतं, पण नांगर चालवणं कठीण. वाडग्याएवढी लहान शेतं, त्यांना काटेरी झुडपांची कुंपणं, आणि रस्ते टेकाडांना वळसे घालत जाणारे. मोठ्या जमिनीचा एकच मालक राबवील अशी ही जमीनच नव्हे. लहान शेतकरी आणि त्याचं कुटुंब, हेच इथलं माप.

आता राजेरजवाड्यांचं पटकन उरकते. मध्ययुगात इथे मॅकमॅहन घराण्याची सत्ता होती. इंग्रजांनी १५८५ च्या सुमारास या मुलखाचा जिल्हा आखला. १५९० मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी मॅकमॅहनांच्या प्रमुखाला फाशी दिलं आणि पुढच्याच वर्षी त्याची जमीन लहानमोठ्या सरदारांत वाटून टाकली. एक मोठा धनी मोडून अनेक छोटे धनी केले, म्हणजे कुणीच डोकं वर काढणार नाही. १५९५ मध्ये याच जिल्ह्यातल्या क्लॉन्टिब्रेटला ह्यू ओ’नील या आयरिश सरदारानं इंग्रज फौजेला चांगला मार दिला. पण शेवटी जिंकले इंग्रज. दक्षिणेकडचा फार्नी हा भाग तर आधीच एसेक्सच्या सरदाराला बक्षीस दिलेला होता. पुढे वारसांत त्याचे दोन तुकडे झाले. एक शर्ली घराण्याकडे, एक बाथ घराण्याकडे. दोघेही इंग्लंडमध्ये राहणारे. जमीन इथे, कुळं इथे, आणि खंड मात्र समुद्रापार जायचा. कारभार पाहायला एजंट. या एजंट लोकांविषयी कुळांना काय वाटायचं, ते वेगळं सांगायला नको. १८४३ साली शर्लींच्या कुळांनी खंड कमी करा म्हणून मोठा गोंधळ उठवला होता.

आता मुद्द्यावर येऊ. एवढ्या लहान, पाणथळ जिल्ह्यात १८४१ च्या जनगणनेत २ लाख माणसं होती! आज तिथे ६५ हजार आहेत. दोन-चार एकर चिकण मातीवर एवढी माणसं जगत कशी होती? उत्तर दोन गोष्टींत आहे. एक बटाटा. दुसरं बाईच्या हातचं सूत.

अठराव्या शतकात अल्स्टरमध्ये लिननचा धंदा भरभराटीला आला. लिनन म्हणजे जवसाच्या जातीच्या झाडाच्या सालीतल्या धाग्याचं कापड. झाड उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, डबक्यात दगड ठेवून कुजवायच्या. आपल्याकडे अंबाडी किंवा ताग कुजवतात तसंच, आणि वासही तसाच सुटणार. मग वाळवायचं, ठेचायचं, विंचरायचं. आणि मग घरातली बाई चरख्यावर बसून सूत काढायची. मागावर बहुधा पुरुष विणायचा. कापड बॅलीबेसारख्या गावच्या बाजारात विकलं जायचं. एका मागाला पुरेल एवढं सूत काढायला दोन-तीन सूतकताईणी लागायच्या, त्यामुळे म्हाताऱ्या आजीपासून दहा वर्षांच्या पोरीपर्यंत घरातली एकही बाई कमाईशिवाय नसे. जमिनीचा तुकडा केवढाही लहान असो, सुताच्या पैशातून खंड निघायचा. म्हणून लग्नं लवकर व्हायची, जमिनीचे तुकडे पडायचे, आणि माणसं वाढायची.

मग १८२५ च्या पुढे जवसाचं सूत ओलं करून यंत्रावर कातण्याची युक्ती निघाली. बेलफास्टला वाफेवरच्या गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीचं सूत बारीक आणि स्वस्त. काही वर्षांत मॉनाहनच्या घराघरातले चरखे कोपऱ्यात गेले. इतिहासाच्या पुस्तकात या गोष्टीला एखादी ओळ मिळते, ‘घरगुती कताई संपुष्टात आली’ म्हणून. पण विचार करा, हजारो घरांतून बाईच्या हातचा पैसा एका पिढीत नाहीसा झाला. माणसं तेवढीच, जमीन तेवढीच, खंड तेवढाच, आणि मिळकतीचा एक पाय तुटलेला. माझ्या मते मॉनाहनचा दुष्काळ इथे सुरू झाला. बटाट्यावर रोग वीस वर्षांनी आला.

इथे बचत गटातल्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट सांगायला हवी. त्याच काळात आयर्लंडभर ‘लोन फंड’ नावाच्या संस्था होत्या. गरिबाला एक ते दहा पौंडांचं लहान कर्ज, दोन जामीन, आणि २० आठवड्यांत दर आठवड्याला हप्ता. काही ओळखीचं वाटतं का? डुक्कर, शेळी, चरखा, बियाणं यासाठी लोक ते घ्यायचे. म्हणजे जामीन आणि आठवड्याचा हप्ता ही आपल्या काळातली नवी युक्ती नाही. कर्जाची सोय होती. पण पीकच बुडालं तर हप्ता कशातून भरायचा, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता.

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला. आपण बटाटा-टोमॅटोवर फवारतो तोच उशिराचा करपा. पानं काळी पडून सडतात आणि जमिनीतला बटाटा चिखलासारखा होतो. तेव्हा फवारणी नव्हती, आणि हा बुरशीसारखा रोग आहे हेही कुणाला नीट कळलं नव्हतं. १८४६ ला तर सगळं पीक गेलं. गरीब आयरिश कुटुंब वर्षातले नऊ-दहा महिने बटाटा आणि ताक यावरच जगायचं. कष्टाचा गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा. ओट आणि लोणी विकून खंड भरायचा आणि बटाटा पोटाला ठेवायचा, असा हिशोब होता. तो बटाटा गेला. खंड तसाच राहिला.

सरकारनं अमेरिकेतून मका आणला. त्याला तिथे ‘इंडियन मील’ म्हणत. आपल्या इंडियाचा त्यात काही संबंध नाही. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना गोरे लोक इंडियन म्हणायचे, म्हणून ते नाव. तो मका कडक, दोनदा दळावा लागायचा, आणि खूप वेळ शिजवावा लागायचा. बायकांना हे धान्य माहीतच नव्हतं. अर्धकच्चं खाऊन पोरांची पोटं बिघडली. धान्य वाटणाऱ्यांनी ते शिजवायचं कसं हे आधी बायकांना दाखवलं असतं तर किती त्रास वाचला असता! आपल्याकडे खरा संबंध आहे तो दुसराच. या दुष्काळातली सरकारी मदत लंडनमधून ज्याच्या हातात होती तो चार्ल्स ट्रेव्हेलियन आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात होता, आणि पुढे मद्रासचा गव्हर्नर म्हणूनही आला. फार मदत केली तर लोक आळशी होतात, असं त्याचं मत होतं. आणि दुष्काळाच्या पहिल्या काळात बाहेरून जी मदत गेली, त्यात कलकत्त्यात जमवलेला निधीही होता. तो जमवायला तिथल्या फौजेतले आयरिश शिपाई होते तसे आपले लोकही होते.

१८४७ मध्ये सरकारनं एक नियम केला. ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा जास्त जमीन आहे त्याला मदत मिळणार नाही. मदत हवी तर जमीन सोडा. म्हणजे आज पोट भरायचं तर उद्याची भाकर देऊन टाकायची. पुष्कळांनी जमीन सोडली आणि कुटुंबासकट वर्कहाऊसमध्ये गेले. वर्कहाऊस म्हणजे सरकारी गरीबखाना. मॉनाहन जिल्ह्यात मॉनाहन, क्लोनिस, कॅसलब्लेनी आणि कॅरिकमॅक्रॉस या चार गावांत ते होते. आत शिरल्याबरोबर नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलगे वेगळे, मुली वेगळ्या. भिंतीपलीकडे आपलं मूल आहे एवढंच आईला माहीत. गर्दीत ताप पसरला की बाहेर पडायचं ते खड्ड्यातच. कॅरिकमॅक्रॉसची ती इमारत दुरुस्त करून आज लोकांना पाहायला खुली ठेवली आहे.

या गरीबखान्यांतल्या अनाथ मुलींचं पुढे काय झालं, तेही ऐका. १८४८ ते १८५० या काळात आयर्लंडभरच्या वर्कहाऊसमधून ४,००० हून जास्त तरुण मुली जहाजांतून ऑस्ट्रेलियाला पाठवल्या गेल्या. चौदा वर्षांच्या पोरीसुद्धा त्यात होत्या. तिथे मोलकरणी हव्या होत्या आणि गोऱ्या वसाहतवाल्यांना बायका हव्या होत्या. प्रत्येकीला एक लाकडी पेटी, त्यात कपडे. कॅरिकमॅक्रॉसच्या मुलीही त्यात होत्या. कुणी म्हणतं त्यांचं भलं झालं, कुणी म्हणतं त्यांना विकल्यासारखंच पाठवलं. काहींचे संसार खरंच चांगले झाले. पण परत येण्याची वाट कुणालाच ठेवली नव्हती.

दहा वर्षांत, म्हणजे १८५१ च्या जनगणनेपर्यंत, जिल्ह्यातली माणसं २ लाखांवरून १ लाख ४२ हजारांच्या आसपास आली. दर दहा माणसांतली जवळजवळ तीन माणसं मेली किंवा देश सोडून गेली.

आता येते आपली लेस.

मॉनाहनमध्ये दोन प्रकारची लेस झाली, आणि त्यांच्यात गल्लत करू नका. दक्षिणेकडे कॅरिकमॅक्रॉसची लेस. ती विणत नाहीत, जाळीवर शिवतात. बारीक जाळीचं कापड घ्यायचं, त्यावर तलम मलमल, खाली नक्षीचा कागद. नक्षीच्या रेघेवर जाडसर दोरा ठेवून तो बारीक टाक्यांनी शिवत जायचा. सगळं झालं की नक्षीच्या बाहेरची मलमल कात्रीनं इतकी सांभाळून कापायची की खालची जाळी कापली जाणार नाही. महिन्याच्या कामाचं एका कात्रीत वाटोळं होऊ शकतं. कडेला दोऱ्याचे छोटे छोटे फासे. या लेसची सुरुवात १८२० च्या सुमारास झाली. डोनामॉइन गावच्या पाद्र्याची बायको, मिसेस ग्रे पोर्टर, हिनं इटलीहून असल्या कामाचे नमुने आणले होते. ते पाहून तिच्या घरी कामाला असलेल्या अ‍ॅन स्टेडमन हिनं ते काम उतरवून घेतलं, आणि दोघींनी गावातल्या मुलींना शिकवलं. मालकिणीचं नाव सगळीकडे पहिलं येतं. पण नुसता नमुना पाहून टाका कसा घातला असेल हे ओळखणाऱ्या अ‍ॅनला माझा नमस्कार.

दुष्काळानंतर बाथ घराण्याचा एजंट ट्रिस्ट्रम केनेडी यानं त्या जहागिरीत लेस शिकवणाऱ्या शाळा काढल्या. सगळेच एजंट सारखे नव्हते. तरी खंड थकला होता आणि तो वसूल व्हायचा तर कुळांच्या बायकांना कमाई हवी, हाही हिशोब त्यात असणारच. पुढे त्या शतकाच्या शेवटी सेंट लुईस मठाच्या जोगिणींनी हे काम हातात घेतलं आणि टिकवलं.

दुसरी क्लोनिसची लेस, आणि ती आपल्या ओळखीची, कारण ती क्रोशा आहे. क्लोनिस हे पश्चिमेकडचं जुनं गाव. सहाव्या शतकातला मठ, जुना गोल बुरूज, दगडी क्रूस. १८४७ मध्ये, ऐन दुष्काळात, तिथे नवे पाद्री आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची बायको कॅसँड्रा हँड. गावात माणसं मरत होती. तिनं किल्डेअर जिल्ह्यातून क्रोशा शिकवणारी बाई बोलावली आणि गावातल्या बायका-मुलींना शिकवायला सुरुवात केली. इटलीतली व्हेनिसची लेस फार महाग असायची आणि सुईनं करायला फार वेळ लागायचा. तशीच दिसणारी लेस क्रोशानं कितीतरी लवकर होते, हे त्यामागचं गणित. भांडवल काय? एक आकडी आणि दोरा. लोखंडी आकडी नसेल तर जाड सुईचं नाक अर्धं मोडायचं, उरलेल्याचा आकडा करायचा आणि तो लाकडाच्या मुठीत बसवायचा. १८५० च्या सुमारास क्लोनिस आणि भोवतालच्या गावांत १,५०० च्या आसपास बायका आणि मुली या कामावर होत्या, अशी नोंद आहे.

काम कसं चालायचं ते ऐका, म्हणजे आपल्या गटातल्या विणणाऱ्यांना मजा येईल. आपण रुमाल मधून सुरू करून गोल वाढवत नेतो. तिथे तसं नाही. आधी सुटे तुकडे करायचे. गुलाब, पानं, द्राक्षांचे घड, शेमरॉक म्हणजे तिथलं तीन पानांचं गवत. आत जाड दोरा धरून त्यावर टाके घालायचे, म्हणजे फूल फुगीर उठून दिसतं. मग हे सगळे तुकडे उलटे करून कापडावर टाचायचे आणि मधली जागा जाळीनं भरायची. जाळीत जागोजागी एक गाठ, आकडीवर दोरा वरून-खालून गुंडाळून एकदम ओढून घेतलेली. तिला आजही ‘क्लोनिस नॉट’ म्हणतात. शेवटी टाचे उसवले की लेस हातात.

म्हणजे कामाची वाटणी झाली. एका घरात फक्त गुलाब, दुसऱ्या घरात फक्त पानं, आणि हात बसलेली एखादी सगळे तुकडे जोडणार. प्रत्येक घराचा आपला नमुना असायचा आणि शेजारीण आली की विणकाम पदराआड जायचं, असं सांगतात. हसू येतं, पण त्यांचा दोष नाही. नमुना हीच त्यांची जमीन होती. मात्र एक तोटा झाला. गुलाब करणारीला आख्खी कॉलर कितीला विकली जाते हे कधीच कळायचं नाही. डब्लिन, लंडन, पॅरिसचे व्यापारी आणि त्यांचे दलाल यांनाच ते ठाऊक. पापडाचं काम करणाऱ्या आमच्या भागातल्या बायकांचंही एकेकाळी असंच होतं. लाटण्याची मजुरी कळायची, पाकिटाची किंमत नाही.

लेसच्या पैशातून खंड भरला गेला, मका आणला गेला, आणि कितीतरी मुलींची अमेरिकेची तिकिटं काढली गेली. दुष्काळानंतर लोकांनी जमिनीचे तुकडे करणं सोडलं. एका मुलाला शेत, फार तर एका मुलीला हुंडा, बाकीच्यांना जहाज. आयर्लंडमधून बाहेर गेलेल्यांत बायका जवळजवळ पुरुषांइतक्याच होत्या, आणि बऱ्याच एकट्या गेलेल्या. मागे राहिलेल्या मुलाचं लग्नही उशिरा व्हायचं, आई म्हातारी होईपर्यंत घरात सून नको म्हणून. याच जिल्ह्यातल्या इनिसकीन गावचा शेतकरी कवी पॅट्रिक कॅव्हना यानं १९४२ मध्ये ‘द ग्रेट हंगर’ नावाची मोठी कविता लिहिली. नावावरून दुष्काळाची वाटते, पण ती आहे जमीन आणि आई यांच्यात अडकून आयुष्य वाळून गेलेल्या शेतकऱ्याची.

जमिनीचा प्रश्न लढून सुटला. १८७९ पासून कुळांची चळवळ झाली आणि १९०३ च्या कायद्यानं सरकारी कर्जावर कुळं मालक होऊ लागली. कागदावर नाव बहुधा पुरुषाचं. बाईच्या हातात तेव्हा काय होतं? कोंबड्या. अंड्यांचा पैसा हा आयर्लंडमध्ये बाईचा पैसा मानला जायचा, त्यातून चहा, साखर, पोरांचे बूट यायचे. लोणीही तीच घुसळायची. १८९४ नंतर सहकारी दूध संस्थांची चळवळ वाढली. शेतकऱ्याला चांगला भाव मिळाला. पण दूध डेअरीत गेलं, लोणी यंत्रावर निघालं, आणि डेअरीचा पैसा सभासदाच्या नावावर आला. सभासद कोण, तर ज्याच्या नावावर शेत. सहकाराचं मला कौतुक आहे, पण हे झालं ते झालं. १९१० मध्ये आयर्लंडच्या खेड्यांतल्या बायकांनी आपली स्वतंत्र संघटना काढली. तीच १९३५ पासून ‘आयरिश कंट्रीविमेन्स असोसिएशन’ या नावानं चालते आणि अजून आहे.

लेसचा बाजार पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बसला. यंत्राची लेस आली, परदेशी स्वस्त नक्कल आली, आणि बायकांचे कपडेच साधे झाले. आणि मग आली फाळणी.

१९२१ मध्ये इंग्रज सरकारनं आयर्लंडचे दोन तुकडे केले. अल्स्टरच्या नऊ जिल्ह्यांपैकी सहा ब्रिटनकडे राहिले. मॉनाहन, कॅव्हन आणि डोनेगल हे तीन जिल्हे वगळले, कारण तिथे कॅथलिक जास्त होते आणि ते घेतले तर प्रोटेस्टंटांचं बहुमत डळमळीत झालं असतं. मॉनाहनमध्येही चौथा हिस्सा प्रोटेस्टंट होते. ज्यांच्याबरोबर राहायची त्यांची इच्छा होती त्यांनीच त्यांना बाहेर ठेवलं. जिल्ह्याच्या तीन बाजूंना सीमा आली. १९२२ च्या फेब्रुवारीत क्लोनिसच्या रेल्वे स्टेशनवर गोळीबार होऊन माणसं मेली. १९२३ च्या एप्रिलपासून जकात नाकी बसली. बाजाराला जाणारी बाई आता परदेशी जात होती! लोणी, साखर, डुकरं यांची चोरटी ने-आण हा कितीतरी घरांचा जोडधंदा झाला. क्लोनिस हे चार दिशांच्या रेल्वेचं मोठं जंक्शन होतं. १९५७ मध्ये तिथली प्रवासी रेल्वे बंद पडली. गावाचा अर्धा बाजार सीमेपलीकडे राहिला, तो परत आलाच नाही. १९६० च्या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या ४६ हजारांच्या आसपास उतरली होती.

१९७० नंतरच्या दंगलींच्या काळात ब्रिटिश लष्करानं सीमेवरचे गावरस्ते सुरुंग लावून खणून टाकले. १७ मे १९७४ ला मॉनाहन गावात बॉम्बस्फोट झाला, सात माणसं गेली. रस्ते पुन्हा जोडले गेले ते १९९० च्या दशकात, आणि १९९८ ला शांतता करार झाला. आता क्लोनिसहून कॅव्हनकडे जाताना साधारण दहा किलोमीटरमध्ये चार वेळा देश बदलतो. कळतं कशावरून? वेगाच्या पाट्या किलोमीटरच्या मैलांत होतात, एवढंच. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडायला निघालं तेव्हा पुन्हा नाकी येणार का, या धास्तीनं या टेकाडांवरच्या लोकांची झोप उडाली होती. करार असा झाला की जमिनीवरच्या सीमेवर नाकी बसली नाहीत.

आज मॉनाहन कोंबड्या आणि अळिंबीसाठी प्रसिद्ध आहे. लहान, ओल्या शेतात जे उगवत नाही ते शेडमध्ये वाढवायचं, हा तोडगा त्या जमिनीला शोभतो. पण कोंबड्या आता बाईच्या परड्यातल्या राहिल्या नाहीत, हजारोंच्या शेडमध्ये कंपनीच्या करारावर वाढतात. आयर्लंडच्या अळिंबी शेडमध्ये तोडणीला बऱ्याच बायका पूर्व युरोपातून आल्या. कमी मजुरी आणि जादा तासांबद्दल गेल्या वीस वर्षांत त्यांनीही एकत्र येऊन तक्रारी मांडल्या आहेत.

आणि लेस? १९८४ मध्ये कॅरिकमॅक्रॉसच्या लेस करणाऱ्या बायकांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. त्याच सुमाराची एक गोष्ट सगळ्यांना आठवते. १९८१ मध्ये इंग्लंडच्या डायनाच्या लग्नाच्या पोशाखावर कॅरिकमॅक्रॉसच्या जुन्या लेसचा तुकडा लावला होता. तो आधी राणी मेरीच्या संग्रहात होता. तो तुकडा कुठल्या बाईनं शिवला, तिला त्याचे किती पैसे मिळाले, हे कुठेही लिहिलेलं माझ्या वाचण्यात आलं नाही. गावच्या बाजार चौकात संस्थेची छोटी गॅलरी आहे. तिथे लेस विकतात, ती करणाऱ्या बायका ती कशी करतात ते दाखवतात, आणि शिकायला येणाऱ्यांना शिकवतात.